पाण्यातल्याचं डावं अक्षर

गेल्या दिवाळीत भाची आठ दिवस राहायला आली होती. पंधरा वर्षांची पोर, पण फराळाच्या ताटाकडे ढुंकूनही न बघता एका जाडजूड इंग्रजी पुस्तकात तोंड खुपसून बसायची. एवढं काय आहे त्यात, असं विचारलं तर म्हणाली, सगळं जग बुडालेलं असतं, वाचलेल्या माणसांना कल्ले फुटलेले असतात, पाण्याखाली एक जुलमी राज्य असतं आणि तिथल्या एका मत्स्यपुरुषाचं वरच्या कोरड्या मुलीवर प्रेम बसतं. तिच्या वयाच्या पोरींसाठी असली पुस्तकं आता ढिगाने येतात म्हणे. वर हेही ऐकवलं, की मावशी, तुला नाही कळायचं ते.

मला नाही कळायचं! अगं, तुझी आई परकर नेसून लंगडी खेळत होती तेव्हा ही गोष्ट आम्ही सांगलीत लिहून ठेवली होती. मी आणि माझी मैत्रीण, दोघींनी मिळून, दोनशेपानी नऊ वह्या. नव्वदीची सुरुवातीची वर्षं होती आणि असलं कुणी कुठे लिहितं याचा आम्हाला पत्ताही नव्हता. पण भाचीला मी यातलं काही बोलले नाही. सांगायला घेतलं असतं तर शेवटही सांगावा लागला असता, म्हणून उरलेल्या चकल्या तळायला उठले.

ती मैत्रीण आठवीत आमच्या वर्गात आली. माण तालुक्यातली. वडील मुंबईत गोदीत हमाली करायचे, आई गावाकडे मेंढरं आणि पावसावरची शेती बघायची. मेंढरांमागे एक वर्ष बुडालं होतं, त्यामुळे ती आम्हा सगळ्यांपेक्षा वर्षाने मोठी. शिकायची फार हौस, म्हणून मामाने तिला सांगलीला आणलं. मामा कुपवाडला एका कारखान्यात लेथवर होते. त्यांच्या नखांतलं तेल दिवाळीच्या अभ्यंगानेसुद्धा निघायचं नाही. भाचीला बारावी करणार, असा त्यांनी तिच्या वडिलांना शब्द दिला होता, आणि ते हे येताजाता चार माणसांत सांगायचे.

पहिल्याच पावसाळ्यात मी तिला घाटावर नेलं. भाद्रपदातली कृष्णा, दोन्ही काठ भरलेली. ती शेवटच्या पायरीपर्यंत उतरली. मग तिने विचारलं, हे सगळं पाणी जातं कुठे. मी म्हटलं, कर्नाटकात. आणि मधे कुणी अडवत नाही, असं तिने विचारल्यावर मला हसू फुटलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. टँकरच्या रांगेत कळशी घेऊन उभं राहिलेल्या माणसाला असं हसू नये, एवढी अक्कल मला तेव्हा नव्हती.

गोष्टीचं बी पडलं ते हरिपुरात. तिथे हळद साठवायला जमिनीत खोल पेवं खणलेली असायची. तोंड लहान, आत खोलीएवढी पोकळी, वरून बंद केली की आत कीड जगत नाही, कारण हवाच नसते. वडिलांच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याचं पेव उघडणार होते, ते बघायला आम्ही दोघी सायकली हाणत गेलो. हमालांनी आधी दोरीला कंदील बांधून आत सोडला. तो विझला. मग सगळे विड्या ओढत बसून राहिले. तासाभराने पुन्हा सोडला, पुन्हा विझला. ज्योत टिकेल तेव्हाच माणूस उतरणार, असं त्यांनी सांगितलं. परत येताना तिने सायकल थांबवली आणि म्हणाली, "समज, सगळ्या जगातच हवा अशी मोजून देत्यात. मग?"

मग काय, त्याच शनिवारी वही आणली.

आमच्या गोष्टीत सगळा मुलूख पाण्याखाली गेलेला होता. फक्त महाबळेश्वरचा माथा वर उरलेला, आणि तिथे पावसात कुडकुडत थोडी कोरडी माणसं जगत होती. खाली बुडालेल्या सांगलीत पाण्यातली माणसं राहायची. कंबरेखाली मासे, वर माणसं. त्यांच्यावर एक राजा होता, तो श्वासाचं रेशन द्यायचा. जन्मताच प्रत्येकाच्या गळ्यात शिंपल्यांची माळ घालायची आणि जेवढे शिंपले तेवढंच आयुष्य. गाणं म्हटलं की एक शिंपला कापायचा. प्रेमात पडलं तर चार, कारण छातीत धडधडलं की श्वास जास्त लागतो. नियम मोडणाऱ्याला हळदीच्या पेवात टाकायचे. त्या पेवावरचा पहारेकरी हा आमचा नायक, आणि माथ्यावरून खाली उतरलेली कोरडी मुलगी ही नायिका.

माशांचं आमचं ज्ञान अगाध होतं. माझ्या घरी अंडंसुद्धा वर्ज्य, आणि तिच्या गावाला नदीच नाही. शेवटी शनिवारच्या बाजारात नाकाला रुमाल लावून मासेवालीसमोर उभ्या राहिलो आणि शेपटीचा आकार पाठ करून आलो. मासेवालीने घ्यायचं काय ते विचारलं तेव्हा पळत सुटलो.

लिहायची आमची एक रीत होती. वही एक आठवडा तिच्याकडे, एक आठवडा माझ्याकडे. सोमवारी शाळा सुटताना अदलाबदल. ज्या आठवड्यात जिची पाळी, तिच्या वहीला दुसरीने हात लावायचा नाही, डोकावायचं नाही, फुडं काय हेही विचारायचं नाही. हा नियम तिचा. ती फार काटेकोर होती, मी घाईघाईत एकदा वही ओढायला गेले तर माझा हात तिने बाजूला केला. नायिकेचं सगळं ती लिहायची. नायकाचं मी. दोघांना नावं दिली नव्हती, कारण तिचं म्हणणं असं, की वर्गातल्या एखाद्या मुलाचं नाव निघालं तर तो फुशारून जाईल. म्हणून ती आणि तो, एवढंच.

त्याची पत्रं मात्र वहीत नसायची. पाण्यातली माणसं पत्रं बाटलीत घालून सोडतात, असं आमचं ठरलं होतं, म्हणून मी ती सुट्या कागदावर लिहून औषधाच्या रिकाम्या बाटलीत घालून तिला द्यायची. पहिलं पत्र वाचून ती नाराज झाली. "अक्षर तुझं दिसलं की मला तू दिसतीस," ती म्हणाली, "त्यो दिसत न्हाई." तेव्हापासून त्याची पत्रं मी डाव्या हाताने लिहायला लागले. सुरुवातीला कोंबडीचे पाय उमटायचे. वर्षभरात डाव्या हाताला स्वतःचं अक्षर आलं, उजवीकडे झुकलेलं, लांब मात्रांचं, माझ्या नेहमीच्या गोल अक्षराशी काही नातं नसलेलं. आणि खरं सांगायचं तर डावा हात जे लिहायचा ते उजव्याला सुचायचं नाही. तू हसतेस तेव्हा माझा एक शिंपला जातो आणि मला त्याचं काही वाटत नाही, असं मी एकदा लिहिलं होतं. ते नायकाने नायिकेला लिहिलं होतं, असं मी म्हणत आले. माझं तिच्यावर फार प्रेम होतं. ते कोणत्या कप्प्यात ठेवायचं हे मला तेव्हाही माहीत नव्हतं आणि आता त्याची गरज राहिली नाही.

राजा मात्र मला आयता घरात मिळाला. माझे वडील शाळेत गणित शिकवायचे. आमच्या घरी बोलणं मोजून. जेवताना बोलायचं नाही, बातम्या चालू असताना बोलायचं नाही, आणि इतर वेळी बोलायचं झालं तर, "आधी वाक्य मनात मांड, मग तोंड उघड." बोलणं लांबलं की ते मनगटावरच्या घड्याळाच्या काचेवर नखाने टिकटिक करायचे. आमचा राजा शंखावर नखाने टिकटिक करायचा. तोही म्हणायचा, आधी श्वास मनात मांड, मग तोंड उघड. त्याचा चष्मा, धोतराच्या सोग्याने काचा पुसायची लकब, सगळं जसंच्या तसं उचललं होतं. पाण्याखाली चष्मा कशाला, असं तिने विचारलं होतं, पण मला तो मोडवला नाही. सहाव्या वहीत प्रजेने त्याला पेवात कोंडला तेव्हा आम्ही दोघी पोट धरून हसलो.

बारावीचं वर्ष उजाडलं. तिला अठरा पुरी झाली होती आणि गावाकडून एक स्थळ आलं होतं. साताऱ्याकडच्या खेड्यातला मुलगा, फौजेत. मामांनी सांगून टाकलं, बारावीची परीक्षा होऊ दे, मग बघू. मामी कुरकुरत होती, गावाकडून दोनदा निरोप आला, पण मामा ऐकेनात. तिची बारावी त्या एका माणसाच्या हट्टावर उभी होती आणि हे आम्हाला दोघींनाही पक्कं ठाऊक होतं. मास्तरीण व्हायचं तिने ठरवलं होतं. गावाकडच्या शाळेत मास्तर टिकत नाहीत, मी टिकेन, असं ती म्हणायची.

नववी वही माझ्याकडे होती त्या आठवड्यात मी त्याचं एक पत्र लिहिलं. गोष्ट ऐन रंगात आलेली, दोघं पळून जाणार होती. पत्र मला आजही पाठ आहे. "उद्या धरणाचं पाणी सोडतील. दुपारचा भोंगा झाला की पुलाखालच्या घाटावर ये. सोबत काही आणू नकोस. मागे बघितलंस तर पाय जड होतील. कोरड्या माणसांना आपलं कळणार नाही. तुझा, पाण्यातला." बाटलीत घालून शुक्रवारी तिला दिलं. तिने घरी नेऊन ट्रंकेमागे ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मामीला खोबरेल तेल काढून ठेवायला रिकामी बाटली हवी होती.

आता त्यांच्या जागी बसून बघितलं की मला त्यांचा राग येत नाही. लग्नाच्या वयाच्या मुलीच्या ट्रंकेमागे बाटली, बाटलीत चिठ्ठी, चिठ्ठीत पुरुषी अक्षर. घाट खरा, पूल खरा, आणि दुपारचा भोंगा तर मामांच्याच कारखान्याचा. ते कामावर असतानाची वेळ गाठून कुणीतरी त्यांच्या भाचीला घराबाहेर बोलावत होता. खाली नावही नाही, म्हणजे पक्का बिलंदर. तिने जीव तोडून सांगितलं, की ही गोष्ट आहे, आम्ही दोघी लिहितो, वही मैत्रिणीकडे आहे. मामी म्हणाली, असल्या गोष्टी कोण लिहितं. मामा म्हणाले, वही असेल तर बघू या, त्यात काय. ते तिच्याच बाजूचे होते, त्यांना फक्त वही हवी होती.

रविवारी दुपारी चार वाजता मामा, मामी आणि ती, असे तिघं आमच्या घरी आले. मला काहीच कल्पना नव्हती. वडील खुर्चीत पेपर वाचत होते. मामांनी चपला दाराबाहेर काढल्या, वडिलांना नमस्कार केला आणि बसा म्हटल्यावर दिवाणाच्या कडेला बसले. त्या दिवाणाच्या गादीखाली नववी वही होती. मी ती नेहमी तिथेच ठेवायची.

मामांनी खिशातून चिठ्ठी काढून वडिलांच्या हातात दिली आणि झालेला प्रकार सांगितला. वडिलांनी चष्मा पुसला, चिठ्ठी वाचली, घडी घातली. मग मामा माझ्याकडे वळले. आवाज अगदी मऊ होता. "पोरी, ही म्हनती तुमी दोगी मिळून गोष्ट लिवताय, त्यातलीच ही चिठ्ठी. वही हाय का तुज्याकडं?"

ती माझ्याकडे बघत होती. घाबरलेली नव्हती. आता हिने वही काढली की झालं, अशी निवांत उभी होती.

वडिलांनी घड्याळाच्या काचेवर टिकटिक केली.  वही निघाली की ती आधी वडिलांच्या हातात जाणार. ते पहिल्या पानापासून वाचणार, कारण मधूनच वाचायची त्यांची पद्धत नाही. शंख, चष्मा, सोगा, आधी श्वास मनात मांड. मग मागच्या वह्या मागणार. सहावी वही. पेव. माझं पुण्याला शिकायला जायचं चाललं होतं, त्याला ते अजून हो म्हणाले नव्हते. हे सगळं माझ्या डोक्यात किती भराभर मांडून झालं. त्यांनी शिकवलं होतं तसंच, आधी वाक्य मनात मांडलं आणि मग तोंड उघडलं.

"नाही," मी म्हटलं, "माझ्याकडे कसली वही नाही."

मामांनी पुन्हा विचारलं, की मग हे अक्षर कुणाचं, तुझं आहे का. वडील म्हणाले, त्यात काय, लिहून दाखव. त्यांनी कागद आणि पेन टेबलावर ठेवलं. ती पुढे झाली. कुणी पाणी मागितलेलं नसताना तिने तांब्याजवळचं भांडं उचललं आणि माझ्या उजव्या हातात दिलं. पेन सरकवून माझ्या डाव्या बाजूला ठेवलं. मला कळलं. इतकं स्पष्ट मला आयुष्यात दुसरं काही कळलेलं नाही. मी भांडं खाली ठेवलं, उजव्या हाताने पेन उचललं आणि माझ्या गोल, स्वच्छ अक्षरात चिठ्ठीतलं पहिलं वाक्य लिहून दाखवलं.

मामांनी दोन्ही कागद शेजारी धरून बघितले. मग त्यांचे खांदे पडले. ते भाचीला काही बोलले नाहीत, उलट वडिलांना म्हणाले, आवं सर, सुट्टीच्या दिवशी तुमाला तरास दिला, माफी असावी. त्या माणसाने माझ्या वडिलांची माफी मागितली.  जाताना ती दारात थांबली आणि मामांना म्हणाली, "असू द्या मामा. तिला ठावं नसंल." माझ्यासाठी तीसुद्धा खोटं बोलली.

फौजीच्या घरात लग्नाची तारीख पंचांग ठरवत नाही, रजेचा कागद ठरवतो. मुलगा रजेवर आलाच होता. मामांनी गावाकडे होकार कळवला, सुपारी फुटली आणि रजा संपायच्या आत, बारावीच्या परीक्षेला दोन महिने असताना, लग्न लागलं. तिच्या गावी मांडवात पाण्याचा टँकर उभा होता. मी गेले होते. अक्षता टाकल्या, जेवले, जिलबीही खाल्ली. तिच्याजवळ जायला मिळालं तेव्हा तिने माझ्या हातावर विडा ठेवला आणि पेपर कसे जातील याची काळजी करू नकोस, असं मलाच सांगितलं. मामा वाढपात होते, वर बघत नव्हते. दिलेला शब्द मोडलेला माणूस कसा दिसतो, ते मी त्या दिवशी पाहिलं.

परत आल्यावर मी नऊच्या नऊ वह्या पिशवीत भरल्या आणि पुलावरून नदीत टाकल्या. विसर्जन करून मोकळं व्हायचं होतं. पिशवी बुडाली नाही. डुलत डुलत काठाला लागली, आणि एका नावाड्याने ती वल्ह्याने ओढून वर आणून दिली. "आवं ताई, नदीत कागूद टाकू नगा," तो म्हणाला, "आन् ही तर सगळी लिवल्याली हायती." मी आभार मानून ओल्या वह्या घरी आणल्या, गच्चीवर वाळवल्या. वडिलांनी विचारलं तेव्हा जुन्या नोट्स आहेत, असं मी सांगितलं. त्यांनी उघडूनसुद्धा पाहिल्या नाहीत. पुढे पुण्याला जायला त्यांनी सहज हो म्हटलं. ज्या भीतीपायी मी तिचं आयुष्य दिलं, ती भीती मुळात एवढीच होती.

ती मला पुन्हा भेटली साताऱ्यात, स्टँडवर. नव्वदी संपत आली होती, मी तिथल्या एका शाळेत गणित शिकवायला लागले होते. होय, गणितच. मिलिटरी कँटीनमधून महिन्याचं सामान घेऊन ती दहिवडीच्या गाडीची वाट बघत बाकावर बसली होती. साबण-तेलाची पिशवी पायाशी, सहा वर्षांची मुलगी मांडीला टेकलेली. मी ओळखलं आणि पाय जड झाले. तिनेच हाक मारली.

नवरा चांगला आहे म्हणाली, सीमेवर असतो, पत्रं येतात. सासू कडक आहे पण वाईट नाही. शाळा राहून गेली. मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती. मग तिने आईला विचारलं, डाव्या हातानं लिवनारी मावशी हीच का.  मैत्रीण हसली आणि सांगायला लागली, की उन्हाळ्यात टँकर यायला दोन-दोन तास लागतात, कळशा मांडून सगळ्या जणी बसलेल्या असतात. एकदा सहज तिने पाण्यातल्याची गोष्ट सांगितली. तेव्हापासून बायका सोडत नाहीत, रोज थोडी थोडी सांगावी लागते. श्वासाचं रेशन म्हटलं की त्यांना लगेच कळतं, समजावून सांगावं लागत नाही. दोनदा पहिल्यापासून सांगून झाली होती.

"शेवट काय केलास?" मी विचारलं.

"शेवट मी कसा करू? त्याचं चिठ्ठीतलं बोलावणं आलं, ती घाटावर जाऊन हुबी ऱ्हायली. फुडं त्यानं यायचं. ते तू लिवायचंस." ती पदराने मुलीचं तोंड पुसत होती. "पाळी तुझी हुती न्हवं."

ते ती टोमणा म्हणून बोलली नाही. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

माझ्याने राहवलं नाही. पर्समधून पेन काढलं, तिच्या सामानाच्या पावतीची मागची बाजू घेतली आणि बाकावर टेकवून डाव्या हाताने लिहिलं. इतक्या वर्षांत हात वळला नव्हता, तरी तेच अक्षर उमटलं. "वही माझ्याकडेच होती. गादीखाली. तुझे मामा बसले होते, त्यांच्याच खाली."

तिने ते वाचलं. बराच वेळ वाचलं, वाक्यं तर तीनच होती.

"ठावं हुतं मला," ती म्हणाली. "कोपरा भाइर दिसत हुता."

मग काढली का नाहीस, असं मी विचारलं. माझा आवाज फाटला होता, शेजारची माणसं बघायला लागली.

"तुझा आठवडा हुता. मी हात कसा लावू?" मग म्हणाली, "आन् सर समोर हुतं. मला वाटलं, तू काढशील. पार दारातनं भाइर पडंस्तवर वाटत हुतं."

गाडी लागली. तिने पिशवी उचलली, मुलीचा हात धरला. पावती घडी घालून माझ्या मुठीत ठेवली आणि माझी बोटं तिनेच मिटवली.

"ह्ये तवा पायजे हुतं गं," एवढंच म्हणाली. गर्दीत चढली, मुलीला खिडकीशी बसवलं. गाडी हलली तेव्हा मुलगी हात हलवत होती, ती पिशव्या लावत होती.

वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. त्यानंतर तिची माझी गाठ पडली नाही. एक-दोनदा पत्र घातलं, उजव्या हाताने, खुशालीचं. उत्तर आलं नाही, आणि का यावं.

भाची दिवाळी आटपून गेली. जाताना पुस्तक विसरली की मुद्दाम ठेवून गेली, माहीत नाही. मी ते वाचलं. इंग्रजीतला पाण्यातला शेवटी घाटासारख्याच एका कठड्यावर येतो, वेळेवर येतो, आणि मुलीला घेऊन जातो. चांगलं लिहिलंय. मग मी माळ्यावरून आमच्या वह्या काढल्या. शाई पसरली आहे, पण वाचता येतं. नवव्या वहीत अकरा पानं कोरी आहेत. त्या पानांवर मी डाव्या हाताने काही लिहू बघते आणि दोन ओळींनंतर खोडते. तिला तिथून कुठे न्यायचं, तेच सुचत नाही.

मामा वारल्याचं मागे कळलं होतं. शेवटपर्यंत त्यांनी कुणा पोरीच्या शिक्षणासाठी पुन्हा शब्द टाकला नाही, असंही कळलं. त्यांनी मला साधा प्रश्न विचारला होता, चपला दाराबाहेर काढून, मऊ आवाजात.

हो मामा. वही माझ्याकडे आहे.